मालिका गुंडाळली, पुढचं पुस्तकात: ते खरं धरायचं की नाही?

निळी पेटी

परवा एका चर्चेत कुणीतरी लिहिलं की बंद पडलेल्या सायन्स फिक्शन मालिकेची पुढची कादंबरी म्हणजे छापील फॅन-फिक्शन (चाहत्यांचं हौशी लेखन), फक्त मुखपृष्ठावर परवान्याचा शिक्का. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मालिका बंद पडल्यावर अधिकृतपणे निघालेल्या कादंबऱ्या चांगल्या असतील, तर त्याच मालिका. नंतर टीव्हीवाले परत आले आणि त्यांनी वेगळं काही दाखवलं, म्हणून आधीचं खोटं पडत नाही.

‘डॉक्टर हू’ घ्या, काळातून भटकणाऱ्या, दर काही वर्षांनी चेहरा (आणि नट) बदलणाऱ्या परग्रहवासी डॉक्टरची ब्रिटिश मालिका. ६ डिसेंबर १९८९ ला बीबीसीवर ‘सर्व्हायव्हल’चा शेवटचा भाग लागला. २६ वर्षांची मालिका, आणि निरोप काय? सिल्व्हेस्टर मॅकॉयच्या आवाजात चार वाक्यं, तीही चित्रीकरण उरकल्यावर घाईघाईने लिहून वर चढवलेली. मॅकॉयने केलेला सातवा डॉक्टर आणि त्याच्या सोबतची मुलगी एस चालत निघून जातात, संपलं. आणि हे कधी, तर पात्राला नुकता कुठे आकार येत असताना. पहिल्या हंगामात चमचे वाजवणारा हा माणूस पुढच्या दोन हंगामांत सगळ्यांना प्यादी करून खेळणारा कारस्थानी होत चालला होता. पटकथा-संपादक अँड्र्यू कार्टमेलच्या डोक्यात त्याच्या भूतकाळाबद्दल बरंच काही शिजत होतं. पडद्यावर त्यातलं फारसं आलंच नाही.

जून १९९१ मध्ये व्हर्जिन पब्लिशिंगने ‘न्यू अ‍ॅडव्हेंचर्स’ ही कादंबरीमाला सुरू केली. त्याआधी पुस्तकं होतीच, पण ती टीव्हीवर दिसलेल्या कथांची कादंबरीरूपं. एकट्या टेरन्स डिक्सनेच साठाहून जास्त लिहिली. आता रूपांतर करायला टीव्हीवर काही नवीन येईना, म्हणून नव्या गोष्टी हव्या होत्या. संपादक पीटर डार्विल-एव्हान्सने भलतंच धाडस केलं. ज्यांची एक ओळ छापून आलेली नाही अशांनाही त्याने हस्तलिखितं पाठवायला सांगितलं. पॉल कॉर्नेल हा चाहत्यांच्या हौशी अंकांतून लिहिणारा पोरगा, त्याचं पहिलं पुस्तक १९९१ मध्येच आलं. १९९२ मध्ये मार्क गॅटिस आला. १९९६ मध्ये रसेल टी. डेव्हिसने ‘डॅमेज्ड गुड्स’ लिहिली. सरकारी घरांची वसाहत, तिथली गरिबी आणि टायलर नावाचं कुटुंब. २००५ मध्ये हाच डेव्हिस मालिका टीव्हीवर परत घेऊन आला तेव्हा नायिका कोण? रोझ टायलर, राहणार सरकारी वसाहत. गॅटिस आणि कॉर्नेल दोघेही पहिल्याच हंगामात लिहायला हजर. १९८९ आणि २००५ च्या मधला पूल कागदाचा होता, हे लोक विसरतात.

आता एकच पुस्तक जरा जवळून. कॉर्नेलची ‘ह्युमन नेचर’, १९९५. १९१४ चं इंग्लंड, मुलांची शाळा. डॉक्टर स्वतःहून माणूस होतो. कुणापासून लपायला नाही, नाइलाज म्हणून नाही. सोबतच्या बर्नीसने जिवलग माणूस गमावलेलं असतं, आणि हे दुःख म्हणजे नेमकं काय हे आपल्याला आतून कळत नाही याची त्याला बोच असते. सगळं पूर्वायुष्य क्रिकेटच्या चेंडूसारख्या दिसणाऱ्या गोळ्यात बंद करतो आणि जॉन स्मिथ नावाचा मास्तर होऊन बसतो. जोन नावाच्या बाईच्या प्रेमात पडतो. मग तो चेंडू शोधत मंडळी येतात, आणि स्मिथला कळतं की गाव वाचवायचं तर आपण नाहीसं व्हायला हवं.

२००७ मध्ये कॉर्नेलनेच याचे टीव्हीसाठी दोन भाग केले. सातव्याच्या जागी दहावा डॉक्टर, बर्नीसच्या जागी मार्था, चेंडूच्या जागी खिशातलं घड्याळ. आजही सर्वोत्तम भागांच्या यादीत ते वरच असतात. म्हणजे पुस्तक ‘खोटं’ होतं, आणि १२ वर्षांनी तेच पडद्यावर आलं की ‘खरं’ झालं? हा कुठला न्याय?

टीकोजीराव

पेटीसाहेब, वकीलपत्र झकास. पण तुम्ही ६१ पुस्तकांतलं एक काढून दाखवलंत. उरलेल्या साठांचं काय?

मी त्यातली बरीच वाचली आहेत आणि निम्म्यांबद्दल सौम्य शब्दांत सांगायचं तर कागद वाया गेला. टीव्हीवर चालणार नाही असं काहीतरी दाखवायचंच, ही एकच खाज. म्हणून शिव्या, म्हणून शय्या, म्हणून पानोपानी रक्त. एसचं काय केलं बघा. टीव्हीवरची एस म्हणजे घरापासून तुटलेली, पाठीवरच्या पिशवीत घरगुती बॉम्ब घेऊन फिरणारी, आतून भेदरलेली मुलगी. कादंबऱ्यांनी तिला १९९२ मध्ये डॉक्टरपासून तोडलं आणि १९९३ मध्ये बंदूक घेतलेली भाडोत्री छापाची सैनिक करून परत आणलं. का? कारण तेव्हा तसल्या बायका खपत होत्या. एस झालेल्या सोफी आल्ड्रेडच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्याचा मागमूस नाही.

माझा मूळ आक्षेप तोच आहे. मालिका म्हणजे नुसती गोष्ट नव्हे. मॅकॉय ‘र’ कसा घोळवतो, छत्रीच्या मुठीवर हात कसा ठेवतो, दोन वाक्यांच्या मध्ये कुठे थांबतो, ही मालिका. लेखकाला यातलं काही लिहावंच लागत नाही. वाचकाच्या डोक्यात नट आधीच उभा असतो. आयत्या बिळावर नागोबा. नटाचं नाव न घेता तीच पानं कुणालाही वाचायला द्या, पात्र उभं राहतं का बघा.

आणि डेव्हिस, गॅटिस वगैरे. ते या कादंबऱ्या लिहून मोठे झाले नाहीत. मोठे होणारच होते, उमेदवारीच्या काळात तिथे लिहून गेले.

फुटपाथवरचा ग्राहक

‘डॉक्टर हू’ आमच्याकडे दिसायचंच नाही, त्यामुळे त्यात पडत नाही. आमचं बालपण ‘स्टार ट्रेक’चं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी कर्क-स्पॉक, पुढे स्टार प्लसवर पिकार्ड. ट्रेकच्या कादंबऱ्या मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळायच्या, मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी घ्यायच्या.

पण विषयाला चपखल उदाहरण ‘एंटरप्राइज’ या ट्रेक-मालिकेचं. चार हंगाम, ९८ भाग, आणि १३ मे २००५ ला शेवट. तो शेवट ज्यांनी पाहिला त्यांना आजही आठवून संताप येतो. आपल्या माणसांची मालिका संपतेय आणि पडद्यावर कोण, तर दुसऱ्या ट्रेक-मालिकेतला, पुढच्या काळातला रायकर! तो होलोडेकवर, म्हणजे हवी ती आभासी दुनिया उभी करणाऱ्या खोलीत, स्वयंपाकी होऊन या लोकांची गोष्ट ‘बघतोय’. ट्रिप टकर, मालिकेतला सगळ्यात जीव लावणारा माणूस, शेवटाकडे घुसखोरांना भुलवून नेतो आणि स्फोटात मरतो. कशासाठी, ते धड कळत नाही. मग फेडरेशनच्या (ग्रहांच्या संघाच्या) स्थापनेचं कप्तान आर्चरचं ऐतिहासिक भाषण, ज्याच्यासाठी सगळा भाग रचलाय, ते सुरू व्हायच्या आधीच खेळ खलास. निर्माते याला चाहत्यांना दिलेलं ‘व्हॅलेंटाइन’ म्हणत होते. असलं व्हॅलेंटाइन दिलं तर कुठलीही मुलगी चप्पल काढेल.

२००७ मध्ये अँडी मँगल्स आणि मायकल मार्टिन यांची ‘द गुड दॅट मेन डू’ आली. तिची सुरुवातच बघा. अनेक वर्षांनंतरचा काळ, वादळी रात्र, म्हातारा झालेला जेक सिस्को घरात बसलाय आणि त्याचा जुना मित्र नॉग दार ठोठावतो (दोघेही ‘डीप स्पेस नाइन’ या ट्रेक-मालिकेतले). नॉगकडे नव्याने खुली झालेली जुनी गुप्त कागदपत्रं आहेत. दोघं मिळून बघतात तर अधिकृत इतिहासात घोळ. ट्रिप मेलाच नव्हता. रोम्युलन या शत्रूजमातीमध्ये हेर म्हणून घुसायचं होतं म्हणून त्याचं मरण रचलं, आणि रायकरने होलोडेकवर पाहिला तो सरकारने सारवलेला इतिहास.

काय डोकं लावलंय! टीव्हीतला एकही क्षण नाकारला नाही. भाग जसा दिसला तसाच आहे, फक्त तो खोटी नोंद आहे. त्या भागातले सगळे लोचे, घाईघाईचं मरण, पटत नसलेली कारणं, सगळे आपोआप पुरावे झाले. त्यानंतर रोम्युलन युद्ध, जे टीव्हीने दाखवलंच नाही, ते दोन पुस्तकांत आलं, आणि २०१३ ते २०१७ ख्रिस्तोफर बेनेटने फेडरेशनच्या पहिल्या वर्षांवर पाच पुस्तकं लिहिली. माझ्यापुरता ट्रिप जिवंत आहे. पेटीला माझं मत.

मधल्या सुट्टीत

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

गौतमी

ग्राहकदादा, तुम्ही ज्याला डोकं लावणं म्हणताय त्याला मी पळवाट म्हणते. ट्रिपचं मरण वाईट लिहिलं होतं, मान्य. पण वाईट लिहिलेलं मरणही मरण असतं. ‘तो मेलाच नव्हता’ हे एकदा चाललं की त्या जगात कुणाच्याच मरणाला किंमत उरत नाही. शिवाय वाचकाला हवं ते दिलं म्हणून ते चांगलं, हे कधीपासून? ट्रिप परत हवा होता, दिला. उद्या आणखी कुणी परत हवा असेल, त्याच्यासाठीही एखादी वादळी रात्र आणि कागदपत्रं निघतील.

याहून मोठा गुन्हा आधीच घडून गेलाय. ‘ब्लेक्स सेव्हन’, जुलमी सत्तेशी लढणाऱ्या अवकाशातल्या बंडखोर टोळीची मालिका. २१ डिसेंबर १९८१, ख्रिसमस चार दिवसांवर, आणि बीबीसीने मुलाबाळांसकट बसलेल्या प्रेक्षकांसमोर सगळी टोळी एकेक करून पाडली. ज्याला शोधायला आले त्या आपल्या जुन्या म्होरक्या ब्लेकलाच टोळीतला एव्हन गैरसमजातून गोळ्या घालतो. मग तो एकटा, पायाशी ब्लेकचं प्रेत, भोवती पहारेकऱ्यांचं कडं. एव्हन प्रेताच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहतो, बंदूक उचलतो आणि हसतो. पडदा काळा. गोळ्यांचे आवाज त्या काळोखात येतात. कुणी झाडल्या, किती लागल्या, काही कळत नाही.

टीव्हीवरच्या सायन्स फिक्शनमध्ये याच्या तोडीचा शेवट मला दुसरा माहीत नाही. त्यात जे दिसत नाही तेच सगळं आहे. १९८४ मध्ये टोनी ॲटवूडची ‘आफ्टरलाइफ’ आली. एव्हन जगला. टोळीतला व्हिलाही जगला. दोघं निघाले पुढच्या मोहिमेवर! त्या हसण्याचं काय झालं मग? हे कोडं सोडवायचं नव्हतंच हो. पुस्तक अधिकृत होतं म्हणून मी तो शेवट पुसून टाकू का?

पेटी, तुमच्या नियमात ‘चांगल्या असतील तर’ अशी अट आहे. ठरवणार कोण?

निळी पेटी

गौतमी, ‘आफ्टरलाइफ’चं समर्थन मी करणार नाही, ते पुस्तक मलाही आवडलेलं नाही. पण तुमचं उदाहरण ज्या मालिकेला शेवट होता तिचं आहे. ‘ब्लेक्स सेव्हन’ला भयंकर का होईना, पूर्णविराम होता. माझा मुद्दा वाक्य अर्ध्यात तोडलेल्या मालिकांचा आहे.

अमेरिकेतली ‘एलियन नेशन’ बघा. १९९० मध्ये फॉक्सने एका हंगामानंतर बंद केली, तीही नायकाची बायको आणि मुलगी विषाणूने मरणाच्या दारात असताना. पुढचा भाग लिहिलेला होता, चित्रित झाला नाही. १९९३ मध्ये के. डब्ल्यू. जेटरने त्यावर ‘डार्क होरायझन’ ही कादंबरी केली. पुढे १९९४ मध्ये तीच गोष्ट टीव्हीपट होऊन आली. मधल्या काळात ज्याने पुस्तक वाचलं त्याने मालिकेचा पुढचा भाग वाचला, की परवान्याचा शिक्का मारलेलं फॅन-फिक्शन?

टीकोजी, तुमच्या नटाच्या मुद्द्यात दम आहे. पण मग बर्नीस समरफील्डचं काय करायचं? तिला कुठला नट नव्हता. १९९२ मध्ये कॉर्नेलने कागदावर जन्माला घातलेली पुरातत्त्वज्ञ, दारू पिणारी, डायरी लिहून मग त्यावर चिठ्ठ्या चिकटवून स्वतःचंच म्हणणं फिरवणारी. चेहरा नाही, आवाज नाही. आणि वाचकांनी तिला डॉक्टरच्या बरोबरीने डोक्यावर घेतलं. नागोबाने स्वतः बीळ खणलंय की हो.

नाइलाज

मी प्रकाशन व्यवसायात आहे (इंग्रजी पुस्तकांच्या हक्कांची कामं), म्हणून जरा रोकडं बोलतो. इथे सगळे ‘खरं-खोटं’ म्हणताय, पण हा प्रश्न साहित्याचा कमी आणि करारपत्राचा जास्त आहे.

अशा पुस्तकांत जग दुसऱ्याचं असतं. लेखक ठरावीक मुदतीत, ठरावीक शब्दांत, आराखडा मंजूर करून घेऊन लिहितो. मालकाने उद्या हात वर केले तर पुस्तकाला काही म्हणता येत नाही, लेखकालाही. १९९६ मध्ये पॉल मॅकगॅनचा डॉक्टर हू टीव्हीपट आला. बीबीसीच्या लक्षात आलं की या पुस्तकांत पैसा आहे, मग परवाना व्हर्जिनकडून काढून स्वतःच्या प्रकाशनाकडे घेतला. १९९७ मध्ये व्हर्जिनची डॉक्टरवाली पुस्तकं थांबली. ज्या मालेने सहा वर्षं दिवा तेवत ठेवला तिला घरमालकाने नोटीस दिली, इतकं साधं.

पण आता गंमत बघा. ब्रिटनमध्ये लेखकाने निर्माण केलेलं नवं पात्र लेखकाकडे राहायची पद्धत होती. त्यामुळे बर्नीस कॉर्नेलची. डॉक्टर गेला, त्याचं काळयान टार्डिस गेलं, काळाचे स्वामी (डॉक्टरची जमात) हा शब्दही वापरायची चोरी, आणि व्हर्जिनने बर्नीसला नायिका करून तीच माला १९९९ पर्यंत चालवली. १९९८ मध्ये बिग फिनिश या कंपनीने तिच्या ध्वनिकथा काढल्या. त्या जमल्या, त्या जोरावर १९९९ मध्ये त्यांना खुद्द डॉक्टर हूचा परवाना मिळाला, आणि मॅकॉयसकट जुने नट परत आपापल्या भूमिकांत बोलायला लागले. टीकोजींना हवा तो घोळवलेला ‘र’ परत ऐकू आला तो एका कागदी बाईच्या पुण्याईने.

ट्रेकमध्ये अशी सोय नाही, तिथे सगळं कंपनीचं. त्याचं फळ २०२१ मध्ये दिसलं. २००१ पासून ट्रेकच्या कादंबऱ्यांनी एकमेकींना धरून एक सलग जग उभं केलं होतं. डझनभर लेखक, एकाच्या पुस्तकात मेलेला दुसऱ्याच्या पुस्तकात मेलेलाच. २०२० च्या जानेवारीत ‘पिकार्ड’ मालिका आली आणि तिने या जगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साहजिकच आहे, टीव्ही बघणाऱ्या लाखोंनी ती पुस्तकं वाचलेली नव्हती. मग डेटन वॉर्ड, जेम्स स्वॅलो आणि डेव्हिड मॅक या तिघांनी ‘कोडा’ नावाची तीन पुस्तकं लिहिली. त्यात पुस्तकांतल्या पिकार्डला आणि बाकीच्यांना कळतं की आपली काळरेषाच मुळात फुटून निघालेली फांदी आहे, आणि बाकी विश्वं वाचवायची तर ती आपल्या हाताने मिटवावी लागेल. आणि ते मिटवतात.

२० वर्षं लिहिलेल्या जगाचं श्राद्ध त्याच लेखकांनी घातलं. पेटी, तुमच्या नियमाने ही पुस्तकं खरी ना? मग त्यांचा शेवटही खरा धरा.

फुटपाथवरचा ग्राहक

‘कोडा’ वाचून मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. पण नाइलाजराव, मला ते पटलं. टीव्हीवाले गुपचूप विसरून गेले असते. पुस्तकवाल्यांनी निदान आपल्या माणसांना लढून मरायला दिलं. ‘एंटरप्राइज’च्या माणसांना त्यांच्याच शेवटच्या भागात तेही मिळालं नव्हतं.

गौतमीताई, मरणाला किंमत उरत नाही म्हणता, तर इथे सगळ्यांचीच मरणं आहेत, मोजून घ्या.

टीकोजीराव

नाइलाज यांची माहिती उत्तम, निष्कर्षही माझ्याच बाजूचा.

पेटीसाहेब, ‘ह्युमन नेचर’वर परत येतो, कारण तो तुमचा हुकमाचा एक्का. मी दोन्ही लागोपाठ पाहिलं-वाचलं आहे. टीव्हीचं रूप सरस आहे. पुस्तकात डॉक्टर कुतूहलापोटी माणूस होतो. टीव्हीवर मागे लागलेल्या कुटुंबापासून लपायला. दुसऱ्यात ताण पहिल्या मिनिटापासून आहे. पुस्तकातल्या शत्रूंची फौज मोठी आणि प्रत्येकाला थोडा थोडा भाव, म्हणून कुणीच नीट लक्षात राहत नाही. टीव्हीवर बाहुला घेतलेली लहान मुलगी... नाही, फुगा घेतलेली लहान मुलगी, खडखडत चालणारी बुजगावणी आणि मान वाकडी करून बघणारा तो बॅक्स्टर नावाचा शाळकरी पोरगा. झोप उडते. कॉर्नेलला १२ वर्षांनी दुसरी संधी मिळाली, त्याने पहिला खर्डा सुधारला. खर्ड्याला कुणी अंतिम प्रत म्हणत नाही.

निळी पेटी

त्या पोराचं नाव बेन्स हो, जेरेमी बेन्स.

ताण वाढला, शंभर टक्के. पण त्यासाठी काय मोजलं ते बघा. टीव्हीवर शेवटी जोन त्याला विचारते, तू इथे लहर म्हणून आला नसतास तर कुणी मेलं असतं का? डॉक्टरकडे उत्तर नाही. भेदक प्रसंग. पण प्रेक्षकाला माहीत असतं की तो लपला होता, तोही शत्रूवर दया म्हणून. दोष अर्धा झाला. पुस्तकात त्याला इथे यायचं काही कारणच नव्हतं. माणसाचं दुःख चाखून बघायचं होतं, तेवढ्यासाठी तो आला आणि गावात प्रेतं पडली. हीच गोष्ट टीव्हीच्या नायकाला झेपली नसती, म्हणून कारण बदललं.

आणि टिम. अंगात भविष्य दिसण्याची शक्ती आलेला, इतरांचा मार खाणारा मुलगा. टीव्हीवर तो पहिल्या महायुद्धात लढायला जातो, आणि शेवटी म्हातारा टिम स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात दिसतो, सगळ्यांच्या कोटावर लाल पॉपीचं फूल. पुस्तकात टिम बंदूक उचलायला नकार देतो, रेड क्रॉसमधून जातो, आणि म्हातारपणी त्याच्या कोटावर पॉपी असते ती पांढरी. ब्रिटनमध्ये पांढरी पॉपी म्हणजे युद्धच नको म्हणणाऱ्यांची खूण, तिच्यावरून तिथे आजही भांडणं होतात. बीबीसीवर शनिवारी संध्याकाळी घरोघरी लागणाऱ्या कार्यक्रमात पांढरी पॉपी चालली नसती असा माझा अंदाज. हजारो मैलांवर बसून वाचणाऱ्या मला मात्र ते फूल आख्ख्या टीव्ही-रूपापेक्षा जास्त लक्षात राहिलं.

पुस्तकांना प्रेक्षक कमी, म्हणूनच त्यांना जास्त मोकळीक होती. तुम्ही ज्याला दोष म्हणता त्यातूनच हे निघालं.

टीकोजीराव

पॉपीचा मुद्दा घेतला. बरोबर आहे, ते पाणी घालून पातळ केलंय.

पण मोकळीक म्हणताच ‘लंगबॅरो’ आठवली. मोकळीक मिळाली की माणूस काय करतो त्याचा नमुना. १९९७, मार्क प्लॅट. डॉक्टरचं घर, चुलत भावंडांचा गोतावळा, आणि काळाचे स्वामी आईच्या पोटी जन्मत नाहीत तर मागावर विणले जातात, तेही थेट मोठे होऊन! तीन दशकं जे गूढ झाकून ठेवलं ते उघडून काय दाखवलं, तर हातमाग. २००७ मध्ये टीव्हीवर आठ वर्षांचा ‘मास्टर’ (डॉक्टरच्याच जमातीतला त्याचा शत्रू) दाखवला आणि सगळा माग एका दृश्यात निकालात काढला. बरं केलं.

गौतमी

माग मला आवडला होता. :) ज्यांना मुलंच होत नाहीत असा समाज, एका जुन्या शापाने वांझ झालेला, आणि भिंती-फर्निचरसकट जिवंत असलेलं घर घरातल्या माणसांना कोंडून ठेवतं. टीव्हीवरच्या त्या उंच कॉलरवाल्या कंटाळवाण्या म्हाताऱ्यांपेक्षा कितीतरी चांगलं. टीव्हीने खोटं पाडलं म्हणून ते वाईट, हा तर तुमच्याच तोंडून पेटीचा उलटा नियम झाला, टीकोजी. शिवाय ते पुस्तक सेकंडहँड घ्यायला जा, किंमत ऐकून घेरी येईल.

माझा आक्षेप मात्र अजून तिथेच आहे, आणि तो याच मालेतल्या एका पुस्तकात लिहून ठेवलाय. गॅटिसची ‘नाइटशेड’, पेटीने वर नुसतं साल सांगून सोडून दिली ती. १९६८ चा नाताळ, यॉर्कशरमधलं गाव. तिथल्या वृद्धाश्रमात एडमंड ट्रेव्हिथिक नावाचा नट आहे. पन्नासच्या दशकात ‘नाइटशेड’ नावाच्या सायन्स फिक्शन मालिकेत तो प्राध्यापक होता. मालिका कधीच संपली, तो अजून त्यातच जगतोय. आणि एक दिवस मालिकेतले राक्षस खरेखुरे त्याच्या खिडकीशी येतात. गावात प्रत्येकाला आपापलं गमावलेलं कुणीतरी परत आलेलं दिसायला लागतं, आणि जवळ गेलं की ते माणसाला खाऊन टाकतं. भूक कशाची, तर माणसाच्या आठवणींची, जुनं परत हवं या ओढीची.

बंद पडलेल्या मालिकेच्या पुढच्या कादंबरीत, तिसऱ्याच वर्षी, एका चाहत्याने हे लिहिलं! त्याला स्वतःला नक्की कळत होतं की आपण आणि आपला वाचक काय करतोय. म्हणून ते पुस्तक मला या मालेतलं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. आणि म्हणूनच ट्रिप परत आला की मला आनंद होण्याऐवजी दचकायला होतं.

मधल्या सुट्टीत

वरचं वाचून ‘नाइटशेड’ शोधायला घेतली. पूर्वी बीबीसीच्या साइटवर यातली काही पुस्तकं फुकट वाचायला होती म्हणे. कुणाकडे प्रत आहे का? पुण्यात असाल तर येऊन घेऊन जाईन, वेळेत परत करीन.

नाइलाज

हो, ‘ह्युमन नेचर’, ‘नाइटशेड’, ‘लंगबॅरो’ अशी काही बीबीसीने ई-पुस्तकं म्हणून साइटवर ठेवली होती, नंतर काढली. माझ्याकडे ‘नाइटशेड’ची छापील प्रत आहे, पण मी ठाण्यात. आणि वेळेत परत करीन म्हणणाऱ्यांनी नेलेली चार पुस्तकं अजून यायची आहेत.

निळी पेटी

गौतमी, ‘नाइटशेड’चं वाचन जबरदस्त. पण ते माझ्या बाजूचंही आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? डॉक्टरही त्या पुस्तकात थकलेला आहे, सगळं सोडून घरी जावं का या विचारात. गावकऱ्यांना खाणारी ओढ त्यालाही आहे. पडद्यावरच्या सातव्याला हे कुणी कधी लिहून दिलं नव्हतं. नुसतं जुनं उकरायचं असतं तर चमचे वाजवणारा विदूषकच परत आणला असता, त्याच्या तर आठवणी ताज्या होत्या.

ट्रिपबद्दल ग्राहकांनी उत्तर द्यावं.

फुटपाथवरचा ग्राहक

उत्तर काय द्यायचं! तो पुस्तकात जगला, पण त्या पुस्तकांत त्याला घर मिळालं नाही. चेहरा बदलून रोम्युलनांत राहिला, आईबापांना तो मेल्याचंच माहीत, जिच्यावर प्रेम त्या टी’पॉलला उघडपणे भेटता येत नाही. गौतमीताई, परत आणून त्याला सुखात ठेवलंय असं वाटत असेल तर आधी त्यातलंच पुढचं ‘कोबायाशी मारू’ वाचा. मग दचकायचं की नाही ते ठरवा.

गौतमी

वाचते. नाही आवडलं तर इथेच येऊन सोलून काढीन, सांगून ठेवते.